प्रक्रिया उद्योगातील वीजजोडणी : धूळ व गॅसपासून ठिणगी दूर ठेवा

वाशी-तुर्भे येथील बाजार समितीत हळद, मिरची किंवा धान्य घेऊन जाणाऱ्या शेतकऱ्यांना शेजारचा ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा परिचयाचा आहे. नेरूळ, शिरवणे, तुर्भे, पावणे, महापे, रबाळे असा तो पसरला आहे. ज्वलनशील द्रावके हाताळणाऱ्या कारखान्यात दिवे, मोटारी व बटणपेट्या जाड धातूच्या कवचात असतात आणि कवचाभोवती बोल्टांची रांग असते. यालाच फ्लेमप्रूफ म्हणजे ज्वालारोधक उपकरण म्हणतात.

हा खर्च मोठ्या कारखान्यांचा, त्याच्याशी आपला काय संबंध, असे वाटणे साहजिक आहे. परंतु २०२० साली प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजना सुरू झाल्यानंतर अनेक गावांत हळद, मिरची व पिठाच्या गिरण्या उभ्या राहिल्या. बायोगॅस संयंत्रे आहेत, सहकारी साखर कारखान्यांना जोडून इथेनॉलचे प्रकल्प आहेत. नेरूळच्या कारखान्यात जो धोका आहे, तोच लहान प्रमाणात येथेही आहे.

स्फोट कसा होतो?

जळणारा पदार्थ, हवा आणि ठिणगी किंवा तापलेला पृष्ठभाग या तीन गोष्टी एकत्र आल्या की स्फोट होतो. मिथेन वायूचे हवेतील प्रमाण ५ ते १५ टक्के असताना तो पेट घेतो. शुद्ध इथेनॉलचा ज्वलनांक सुमारे १३ अंश सेल्सिअस आहे. म्हणजे आपल्याकडे बहुतेक दिवशी त्याची वाफ पेटण्याजोगी असते.

धुळीचा धोका लवकर लक्षात येत नाही. गव्हाचे पीठ किंवा साखर यांची बारीक, कोरडी धूळ दर घनमीटर हवेत साधारण ६० ग्रॅमच्या आसपास असली तरी स्फोट होऊ शकतो. ५ मीटर उंचीच्या खोलीत जमिनीवर केवळ १ मिलिमीटर जाडीचा पिठाचा थर असला आणि तो सर्व उडाला, तर दर घनमीटर हवेत सुमारे १०० ग्रॅम धूळ होते. म्हणून थर दिसतो तेथे धोका आहे, असे समजावे.

अमेरिकेत जॉर्जिया राज्यातील पोर्ट वेंटवर्थ येथे ७ फेब्रुवारी २००८ रोजी साखर कारखान्यात धुळीचा स्फोट होऊन १४ कामगार मृत्युमुखी पडले. साखर वाहणारा पट्टा पत्र्याने बंदिस्त केल्यामुळे आत धूळ साचत गेली होती. तापलेल्या बेअरिंगमुळे पहिला स्फोट झाला असावा, असे चौकशीत आढळले. त्या धक्क्याने इमारतीत साचलेली धूळ उडाली आणि पुढचे मोठे स्फोट झाले.

प्रथम जागेचा नकाशा करा

उपकरणे खरेदी करण्यापूर्वी कोठे, किती वेळ धोका राहतो हे कागदावर मांडावे. भारतीय मानक आयएस/आयईसी ६००७९ नुसार गॅस व बाष्पाच्या जागेचे तीन झोन आहेत. धोका सतत असेल तर झोन ०, नेहमीच्या कामात अधूनमधून असेल तर झोन १ आणि बिघाड झाल्यावरच असेल तर झोन २. धुळीसाठी हेच झोन २०, २१ व २२ असे आहेत.

हळद गिरणीत पल्व्हरायझर व सायक्लोनच्या आतील भाग, पोते भरण्याची जागा आणि बाकीची खोली यांचा धोका सारखा नसतो. नकाशा केल्यावर पुढचे काम सोपे होते. जी उपकरणे बाहेर नेता येतील, ती बाहेर न्यावीत. मुख्य बोर्ड, स्टार्टर व मीटर भिंतीपलीकडे वेगळ्या खोलीत बसवावेत. स्टार्टरच्या कॉन्टॅक्टरमध्ये प्रत्येक वेळी ठिणगी पडते. तो बाहेर नेणे हा सर्वांत स्वस्त व खात्रीचा उपाय आहे.

उपकरणाची निवड

जे आत ठेवणे भाग आहे, तेच प्रमाणित घ्यावे. गॅस किंवा बाष्पाच्या जागेसाठी नागपूर येथे मुख्यालय असलेल्या पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटनेची, म्हणजे पेसोची, मान्यता पाहावी. उपकरणावर गॅसचा गट व तापमानवर्ग लिहिलेला असतो. टी ४ म्हणजे पृष्ठभाग १३५ अंशांपेक्षा जास्त तापणार नाही.

गॅससाठी प्रमाणित उपकरण धुळीसाठी आपोआप चालत नाही. जेथे धूळ नेहमी उडते, तेथे धुळीसाठी प्रमाणित व आयपी ६५ सारखे धूळ आत न शिरू देणारे कवच घ्यावे. मोटारीवर धूळ साचली की ती गोधडीसारखे काम करते व मोटार तापते. दोन फेजवर चालली तर आणखी तापते. म्हणून ओव्हरलोड रिले व सिंगल फेज प्रिव्हेंटर अवश्य बसवावा.

एक बोल्ट कमी म्हणजे संरक्षण गेले

फ्लेमप्रूफ कवच आतला स्फोट थांबवत नाही. आत स्फोट झाला तरी तापलेला वायू झाकणाच्या अरुंद फटीतून थंड होऊन बाहेर पडतो आणि बाहेरचा गॅस पेटत नाही. ही फट बिघडली की ते महागडे कवच साध्या पेटीसारखे होते. यासाठी

१) सर्व बोल्ट पूर्ण आवळलेले असावेत.
२) झाकणाच्या सांध्यावर पॉलिश पेपर मारू नये, रंग लावू नये, रबर घालू नये.
३) योग्य मापाचे प्रमाणित केबल ग्लँड वापरावे. रिकामे भोक प्रमाणित प्लगने बंद करावे.
४) मोटार जळाल्यास साध्या दुकानात रिवाइंडिंग करू नये.
५) वीज बंद केल्याशिवाय झाकण उघडू नये.

इतर काळजी

सायक्लोन, धातूचे नळ व यंत्राचा सांगाडा एकमेकांना जोडून अर्थिंग करावे, म्हणजे स्थिर विजेची ठिणगी पडत नाही. कच्च्या मालातील खिळे पकडण्यासाठी लोहचुंबक बसवावे. झाडताना कॉम्प्रेसरची हवा मारू नये, त्याने धूळ उडते.

बायोगॅस हवेपेक्षा थोडाच हलका असल्याने इंजिनखोलीला वर व खाली दोन्हीकडे झरोके ठेवावेत. गॅसच्या वाटेत साधा एक्झॉस्ट पंखा लावू नये, कारण त्याची मोटारच ठिणगी टाकू शकते. इथेनॉलची वाफ जड असते. ती खड्ड्यात व केबलच्या चरात साचते. असे चर वाळूने भरावेत.

नकाशा व जोडणीचे काम या विषयाची माहिती असलेल्या परवानाधारक वीज ठेकेदाराकडूनच करून घ्यावे. गिरणी उभारतानाच स्टार्टरसाठी वेगळी खोली काढली तर खर्च एका भिंतीचा येतो. ती भिंत नसेल तर एखाद्या दिवशी तेथे काम करणाऱ्या आपल्याच माणसांच्या जिवावर बेतू शकते.