एका ठिपक्याचा फरक

उर्दूत 'दुआ' आणि 'दगा' हे दोन शब्द लिहून पाहा. दोन्हींत फरक आहे तो फक्त एका नुक्त्याचा. घाईत नुक्ता चुकला, की दुआचा दगा होतो. आकाशातील लढाऊ विमाने ओळखतानाही असेच घडू शकते. वहीतली चूक खोडता येते, आकाशातली मात्र खोडता येत नाही.

६ सप्टेंबर १९३९ ची सकाळ होती. ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारून तीनच दिवस झाले होते. शत्रूची विमाने येत असल्याची चुकीची खबर आली आणि ब्रिटनची हरिकेन विमाने आकाशात झेपावली. थोड्या वेळाने ब्रिटनचीच स्पिटफायर विमाने तेथे आली. त्यांच्या वैमानिकांना समोरची विमाने जर्मन वाटली. त्यांनी गोळ्या झाडल्या. दोन हरिकेन विमाने कोसळली आणि एक तरुण वैमानिक प्राणास मुकला. त्या वेळी तेथे जर्मनीचे एकही विमान नव्हते!

मग विमान ओळखावे तरी कसे? त्याचा रंग दुरून दिसत नाही. दिसते ती काळी आकृती. म्हणून त्या काळी सैनिकांना आणि पहारेकऱ्यांना विमानांच्या काळ्या आकृत्या दाखवून शिकवत असत. आधी पंख पाहायचे, मग इंजिन, मग धड आणि शेवटी शेपटी.

तुम्हीही हा प्रयत्न करून पाहा. स्पिटफायरचे पंख लंबगोल असतात. असे का? वेग वाढवण्यासाठी पंख पातळ हवा होता; पण बंदुका आणि मिटलेली चाके ठेवायला त्यात जागाही हवी होती. लंबगोल आकारामुळे पंख धडाजवळ रुंद राहिला आणि ही जागा मिळाली. हरिकेनचे पंख जाड असतात आणि पाठीवर थोडा उंचवटा दिसतो. त्याच्या धडाचा मागचा भाग चक्क कापडाने मढवलेला असे! त्यामुळे तो दुरुस्त करणे सोपे जाई. आणखी एक खूण लक्षात ठेवा. हरिकेनची चाके आत, धडाच्या दिशेने मिटतात. स्पिटफायरची चाके बाहेरच्या बाजूला मिटतात.

अमेरिकेच्या कॉर्सेअर विमानाचे पंख तर वाकडेच दिसतात. ते धडापासून आधी खाली झुकतात आणि मग वर वळतात. ही केवळ हौस नव्हती. या विमानाच्या नाकावरचा पंखा सुमारे चार मीटर व्यासाचा होता. तो जमिनीला लागू नये म्हणून विमान उंच हवे होते. पण चाकांचे पाय फार लांब केले, तर ते कमजोर होतात. म्हणून पंखच खाली झुकवला आणि त्याच्या सर्वांत खालच्या भागाला पाय जोडले. पाय आखूड आणि मजबूत राहिले. विमानाचा वाकडेपणाही असा विनाकारण नसतो. कारण कळले, की खूण आपोआप लक्षात राहते.

हरिकेन आणि स्पिटफायर ही दोन्ही विमाने भारतीय वैमानिकांनीही दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर चालवली. तेथे वेगळीच अडचण आली. जपानी विमानांवर लाल गोळा रंगवलेला असे आणि आपल्या बाजूच्या विमानांवरील गोल चिन्हाच्या मध्यभागीही लाल ठिपका होता. घाईत नजर फसली, तर मित्रच मित्रावर गोळी झाडेल! म्हणून आपल्या बाजूच्या विमानांवरून लाल रंग काढून टाकण्यात आला.

पाहिलेत ना? एका ठिपक्यावर माणसांचे प्राण अवलंबून होते. मित्रांनो, तुम्ही वैमानिक व्हाल किंवा होणार नाही. पण समोरच्याला शत्रू ठरवण्याची घाई कधीही करू नका. आधी नीट पाहा, खूण पटवून घ्या आणि मगच निर्णय करा.