व्यवसायजन्य आजार : औषधापेक्षा खबरदारी महत्त्वाची

खोकला, दम किंवा चक्कर घेऊन रुग्ण आला की मी आधी विचारतो, "काम काय करता?" अनेकदा आजाराचे मूळ तिथेच सापडते.

दगडखाण, खडी क्रशर, फरशी कटिंग : दगडाच्या बारीक धुळीतील सिलिका फुफ्फुसात साठून सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही आणि क्षयरोगाचा धोकाही वाढवतो. कित्येकदा क्षय समजून त्यावरच उपचार चालू राहतात. पाणी मारत कटिंग करावे. तोंडाला बांधलेला रुमाल ही धूळ अडवत नाही. नाक-तोंडावर घट्ट बसणारा एन-९५ मास्क वापरावा.

जिनिंग, सूतगिरणी : सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती आवळणे हे बिसिनोसिसचे लक्षण आहे. वेळीच कापसाच्या धुळीपासून दूर झाल्यास त्रास कमी होतो.

शेती : कीटकनाशक त्वचेतूनही शरीरात जाते. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नये. पूर्ण बाह्यांचे कपडे, हातमोजे घालावेत. नंतर साबणाने आंघोळ करावी. फवारणीनंतर मळमळ, लाळ सुटणे, धूसर दिसणे असे काही झाल्यास बाटली सोबत घेऊन ताबडतोब रुग्णालयात जावे.

संगणकावरील काम : दर २० मिनिटांनी २० सेकंद २० फूट दूर पाहावे, तासाभराने उठून चालावे.

डॉक्टरांकडे गेल्यावर सध्याचे आणि पूर्वी केलेले कामही आवर्जून सांगा. काम सोडल्यावर अनेक वर्षांनीही सिलिकोसिस दिसू शकतो.