तट्टाचा साज : आधी माप, मग माल

हलक्या दुचाकी गाडीला जुंपायच्या तट्टासाठी साज घेताना बहुतेक जण आधी कातड्याचा घ्यावा की नायलॉनचा, हे विचारतात. पहिला प्रश्न मापाचा असायला हवा. तट्टाची उंची खांद्यापाशी साधारण १४८ सेंटिमीटरपर्यंतच असते. घोड्याचा साज जादा भोके पाडून आवळला, तरी बकले आणि शिवणी भलत्या जागी येऊन घासतात. जड ओढीला गादीचा गळपट्टाच हवा, कारण तो भार दोन्ही खांद्यांवर वाटतो. पण तो मानेच्या मापाचाच लागतो, आणि तट्टाचे अंग ऋतूप्रमाणे भरते, उतरते. म्हणून हलक्या ओढीला रुंद, मऊ अस्तराचा छातीपट्टा व्यवहार्य ठरतो. तो श्वासनलिकेच्या खाली आणि खांद्याच्या सांध्याच्या वर बसला पाहिजे.

कातडे अंगाला वळते, दुरुस्त करता येते आणि अपघातात तुटून जनावराला मोकळे करते, असे त्याचे समर्थक सांगतात. ते खरे आहे. पण निगा राखली नाही तर ते घामाने कडक होते, पावसाळ्यात बुरशी धरते आणि ऐन ओढीत तुटू शकते. रोजच्या कामाला प्लास्टिकचा लेप दिलेला पॉलिएस्टरचा पट्टा सोयीचा. तो धुऊन पुसला की झाले. मात्र तो सहज तुटत नाही, म्हणून झटकन सुटणाऱ्या कड्या घ्याव्यात. काटकसर शोभेच्या पितळेत करावी, मांड्यांमागच्या पट्ट्यात कधीच करू नये. ब्रेक नसलेली गाडी उतारावर तोच थोपवतो.