विश्वास कोणावरही नाही, पडताळणी प्रत्येकाची

७ मे २०२१ रोजी पहाटे अमेरिकेतील ‘कोलोनियल पाइपलाइन’ या कंपनीच्या नियंत्रण कक्षातील कर्मचाऱ्याला संगणकाच्या पडद्यावर खंडणीची चिठ्ठी दिसली. कंपनीने थोड्याच वेळात आपली सुमारे ८,८५० किलोमीटरची इंधनवाहिनी बंद केली. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला लागणाऱ्या इंधनापैकी जवळपास ४५ टक्के इंधन या वाहिनीतून जाते. पुढील काही दिवस पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. कंपनीने ७५ बिटकॉइन, म्हणजे तेव्हाच्या भावाने सुमारे ४४ लाख डॉलर, मोजले. त्यांतील बहुतेक बिटकॉइन सरकारने पुढे परत मिळवले, ही गोष्ट वेगळी.

चोर शिरले कोठून? बाहेरून कंपनीच्या जाळ्यात येण्यासाठीचे एक जुने ‘व्हीपीएन’ खाते वापरात नव्हते, पण बंदही केलेले नव्हते. त्याला केवळ पासवर्डचे कुलूप होते. मोबाइलवर येणाऱ्या सांकेतिक क्रमांकासारखी दुसरी खातरजमा नव्हती. पासवर्ड तसा अवघड होता, असे कंपनीच्या प्रमुखांनी सिनेटसमोर सांगितले. मात्र चोरीला गेलेला पासवर्ड अवघड असला काय आणि सोपा असला काय!

संगणक-सुरक्षेची जुनी कल्पना तटबंदीची आहे. बाहेरचा तो परका, आत आला तो आपला. ‘झीरो ट्रस्ट’ ही विचारसरणी नेमकी हीच समजूत नाकारते. ‘फॉरेस्टर’ या संस्थेचे विश्लेषक जॉन किंडरवॅग यांनी २०१० मध्ये ती मांडली. मागणी कचेरीतून आली की घरातून, याला तिच्यात महत्त्व नाही. मागणारा कोण, त्याचे यंत्र सुस्थितीत आहे का आणि या कामासाठी त्याला या माहितीची गरज आहे का, हे प्रत्येक वेळी तपासले जाते. आपल्याकडच्या दुर्गरचनाकारांना हे निराळ्या संदर्भात ठाऊक होते. देवगिरीच्या किल्ल्यात पहिला दरवाजा ओलांडला तरी पुढे आणखी तट, खंदक आणि ‘अंधारी’चा भुयारी मार्ग असतोच.

कोलोनियलच्या प्रकरणात या विचाराचे मोल कळते. हल्ला झाला तो कार्यालयीन संगणकांवर. इंधन वाहून नेणारी यंत्रणा चालू ठेवणे शक्य होते. परंतु लागण तिथवर पोहोचणार नाही याची खात्री नसल्याने ती खबरदारी म्हणून थांबवावी लागली. आग कोणत्या खोलीत अडेल हे ठाऊक नसले, की सगळा वाडाच रिकामा करावा लागतो. म्हणून जाळ्याचे लहान कप्पे पाडणे आणि एका कप्प्याची किल्ली दुसऱ्याला न लागू देणे, हा नियोजनाचा गाभा ठरतो.

प्रत्यक्षात अनेक संस्था सुरुवात करतात ती खरेदीपासून. विक्रेतेही प्रत्येक खोक्यावर ‘झीरो ट्रस्ट’ची चिठ्ठी चिकटवून मोकळे होतात. वास्तविक पहिले काम वहीपेन्सिलीचे आहे. जिच्यावाचून संस्थेचे काम अडेल अशी माहिती कोणती, ती कोठे साठवलेली आहे आणि तिच्यापर्यंत कोण कोण पोहोचू शकते, याची यादी करावी लागते. ही यादी हाती आली की धक्के बसतात. नोकरी सोडून गेलेल्यांची खाती जिवंत सापडतात. बदली होत गेलेल्या कर्मचाऱ्याकडे प्रत्येक जुन्या विभागाचे अधिकार साचलेले असतात. देखभालीच्या कंत्राटदाराला चार दिवसांसाठी दिलेली परवानगी चार वर्षे चालू असते. ही साफसफाई कंटाळवाणी खरी, पण तिला फारसा पैसा लागत नाही. त्यानंतर सर्वांत मौल्यवान माहिती आधी निवडून तिच्याभोवती दुहेरी खातरजमा, मोजके अधिकार आणि प्रत्येक प्रवेशाची नोंद, असे टप्प्याटप्प्याने पुढे जावे.

अडचणीही आहेत. कारखान्यातील जुनी यंत्रे अशी तपासणी पेलू शकत नाहीत. त्यांना वेगळ्या कप्प्यात ठेवणे एवढेच हाती उरते. दर पाच मिनिटांनी ओळख विचारली, तर वैतागलेले कर्मचारी पळवाटा शोधतात. आणि ‘आमच्यावर विश्वास नाही का?’ हा प्रश्न हमखास येतो. तपासणी माणसाच्या सचोटीची नसून त्याच्या नावाने आलेल्या मागणीची आहे, हे व्यवस्थापनाने आधीच समजावून सांगावे. शिवाय हा नियम संचालकांनाही लागू करावा.

वेळ लागणारच. अमेरिकी सरकारने जानेवारी २०२२ मध्ये आपल्या खात्यांना या पद्धतीची ठरावीक उद्दिष्टे गाठण्याचा आदेश दिला, तेव्हा मुदत दिली ती सप्टेंबर २०२४ अखेरची.