साखर कमी, सुगंध जास्त : घरच्या चहाचे प्रयोग

आपल्या घरांत चहा हे नुसते पेय नाही. फजरनंतरचा पहिला कप, न्याहारीबरोबरचा दुसरा, दुपारच्या जेवणावरचा तिसरा, अस्रनंतरचा चौथा आणि दारात कुणी सलाम केला की त्यांच्यासोबतचा पाचवा. मुलीच्या रिश्त्याची बोलणी चहावर होतात, भावाभावांतला रुसवा चहावर निवतो. मय्यतीच्या घरी चूल पेटलेली नसते, तेव्हा शेजारून पहिल्यांदा येतो तो थर्मासभर चहाच. म्हणून डॉक्टरांनी ‘चहा कमी करा’ म्हटले, की ऐकणाऱ्याला वाटते, आता माणसांत बसणे-उठणेच कमी झाले.

आमच्या घरी ही वेळ अब्बांच्या रक्ततपासणीने आणली. साखर वाढलेली निघाली. आम्ही घरातल्या घरात हिशेब मांडला. दिवसाला ५ कप, प्रत्येक कपात २ चमचे साखर, म्हणजे १० चमचे. एका सपाट चमच्यात साधारण ४ ते ५ ग्रॅम साखर मावते. म्हणजे नुसत्या चहातून ४० ते ५० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेचा २०१५ चा सल्ला असा आहे, की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत असावी आणि ५ टक्क्यांच्या आत ठेवली तर अधिक चांगले. साधारण आहार घेणाऱ्या मोठ्या माणसासाठी हे अनुक्रमे ५० आणि २५ ग्रॅम होतात. हा हिशेब धडधाकट माणसाचा. आमच्याकडे तर बिस्कीट, शिरा, शीरखुर्मा यांचा नंबर लागण्याआधीच चहाने तो हिस्सा संपवला होता.

डॉक्टर म्हणाले, “चहा प्या, साखर सोडा.” सांगायला सोपे! फिक्या चहाचा कप अब्बांनी दोन दिवस अर्धा प्यायला, तिसऱ्या दिवशी बाजूला सरकवला. तेव्हा आमच्या मनात प्रश्न आला, की माणसाला चहात नेमके आवडते काय? गोडी, की वास, की घशाला लागणारी तरतरी? याचे उत्तर शोधायला आम्ही सहा रविवार, अस्रनंतर, सगळ्यांनी मिळून वेगवेगळे चहा चाखायचे ठरवले.

चाखायची पद्धत

पद्धत साधी ठेवली. काचेचे छोटे पेले, प्रत्येकाच्या तळाला कागदाचा आकडा चिकटवलेला. चहा करणारी एक, चाखणारे चार. कोणत्या पेल्यात काय आहे हे फक्त करणारीला ठाऊक. पूड, पाणी आणि दूध यांचे माप सगळ्यांत सारखे, फरक एकाच गोष्टीचा. पहिला घोट बिनसाखरेचा, मग अर्धा चमचा साखर घालून दुसरा. प्रत्येकाने तीनच गोष्टी सांगायच्या: वास कसा, घोट कसा आणि आणखी साखर हवी का. दादी म्हणाल्या, “ही तर परीक्षा झाली,” पण सर्वांत नेमके उत्तर दर वेळी त्यांचेच असायचे. धाकट्याच्या पेल्यात चहाची पूड नव्हतीच. त्याच्यासाठी फक्त गवती चहा किंवा पुदिना उकळलेला.

कडवटपणा कुठून येतो?

पहिल्या रविवारी मसाला काहीच नव्हता, फक्त उकळण्याची वेळ बदलली. बाजारातली दाणेदार पूड सीटीसी पद्धतीची असते. पाने चिरडून, फाडून, वळून तिचे बारीक दाणे करतात. हे यंत्र १९३० च्या दशकात आसामात पुढे आले. दाणे बारीक असल्याने रंग आणि कडकपणा दोन-तीन मिनिटांतच पाण्यात उतरतो. त्यापुढे उकळत ठेवले की तुरटपणा आणि कडूपणा वाढत जातो. सकाळचा उरलेला चहा दुपारी पुन्हा गरम केला तर तो आणखीच वाढतो.

दोन मिनिटे उकळलेला आणि दहा मिनिटे उकळलेला असे दोन चहा चाखल्यावर चौघांनीही दुसऱ्यालाच जास्त साखर मागितली. म्हणजे आपण घालतो त्यातली बरीचशी साखर गोडीसाठी नसतेच, ती कडूपणा झाकण्यासाठी असते. चहा कमी उकळायचा आणि लागेल तेवढाच करायचा, या एका बदलाने कपामागे अर्धा चमचा साखर कुणाच्या लक्षात न येता कमी झाली. पानांचा चहा असेल तर तो उकळूच नये. उकळते पाणी ओतून, झाकण ठेवून तीन-चार मिनिटांनी गाळावा. हिरव्या चहाला तर उकळते पाणीही सोसत नाही. उकळी आल्यावर पाणी चार-पाच मिनिटे निवू द्यावे. ७५ ते ८० अंशांच्या आसपास तो कडू होत नाही.

परसातले आणि डब्यातले

पुढचे तीन रविवार वासाच्या वस्तूंचे. कोकणातल्या घराला परसात गवती चहाचे ठोंब नवीन नाही. त्याच्या पात्यात सिट्रल नावाचे तेल असते, त्यामुळे वास लिंबाचा येतो. पण आंबटपणा नसल्याने दूध फाटत नाही. पाती गाठ मारून पाण्यात टाकावीत, झाकण ठेवावे आणि पाच मिनिटांत काढावीत. उघड्या भांड्यात फार उकळले तर वास वाफेबरोबर निघून जातो.

आल्याचे उलट आहे. ताज्या आल्यात दूध फाडणारा एक पाचक घटक असतो, तो उकळीने निष्प्रभ होतो. म्हणून आले ठेचून आधी पाण्यात चांगले उकळू द्यावे, दूध नंतर. सुंठ वापरली तर ती आल्याच्या निम्म्याहून कमी घ्यावी. आले वाळताना त्यातला तिखट घटक बदलतो आणि जास्त झोंबतो.

दालचिनी घेताना साल पाहावी. बाजारात सहसा मिळते ती जाड, कडक साल. तिच्यात कुमारिन नावाचे द्रव्य जास्त असते. रोज आणि भरपूर पोटात गेले तर ते यकृताला चांगले नाही. एका किटलीला बोटाच्या पेरापेक्षा लहान तुकडा पुरे. लवंग एक, जायफळ चिमटीभर. याहून जास्त झाले की चहा राहत नाही, काढा होतो.

आमच्या चाखण्यात पहिला नंबर मात्र ज्याची कुणाला अपेक्षा नव्हती त्याचा आला. बडीशेप आणि वेलची! अर्धा चमचा बडीशेप, दोन वेलच्या सालीसकट ठेचून. बिनसाखरेच्या या पेल्याला दोघांनी ‘यात साखर आहे’ असे ठामपणे सांगितले. बडीशेपेतल्या तेलाची चवच गोडसर असते आणि वेलचीच्या वासाने आपल्याला मिठाई आठवते, जिभेला तेवढे पुरते. अब्बांचा कप त्या दिवशी अर्ध्या चमच्यावर आला आणि रिकामा होऊनच परत गेला.

जेष्ठमधही गोड लागतो, पण ज्यांचे ब्लडप्रेशर वाढलेले आहे त्यांनी तो रोजच्या चहात घालू नये. त्याने प्रेशर चढते. गूळ आणि मध घातला तर साखर टळली असेही समजू नये. मधुमेहाच्या हिशेबात तीही साखरच. आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवूच नये.

दुधाशिवायचे चार पेले

पाचवा रविवार बिनदुधाचा. आपल्याकडची कितीतरी माणसे आखातात नोकरीला आहेत. त्यांनी तिथून घरी आणलेला शब्द म्हणजे ‘सुलेमानी’. केरळच्या मलबारातही बिर्याणीनंतर हाच चहा देतात. हलक्या रंगाचा काळा चहा, एक वेलची, गाळल्यावर लिंबाचे चार थेंब. लिंबू पडताच रंग उजळतो, हे पाहण्यासाठी धाकटा स्वयंपाकघरातून हलत नाही. जड जेवणाच्या दावतीनंतर दुधाच्या चहापेक्षा हा नक्कीच हलका.

दुसरा पेला पुदिन्याचा. मोरोक्कोत हिरव्या चहात मूठभर ताजा पुदिना आणि सढळ हाताने साखर घालतात. आम्ही साखर गाळून पुदिना ठेवला. तिसरा काश्मिरी कहवा: हिरवा चहा, दालचिनी, वेलची, केशराच्या चार काड्या, वरून बदामाचे काप. केशर महाग आहे, म्हणून हा ईदसाठी राखलेला. चौथा लाल आंबट पेला, ज्याला मिसर आणि सुदानमध्ये ‘करकदे’ म्हणतात. तो ज्याच्या बोंडांपासून करतात ती आपली लाल अंबाडीच. बोंडांच्या वाळवलेल्या पाकळ्या पाच मिनिटे उकळल्या की डाळिंबासारखा रंग येतो. यात चहापत्ती नसल्याने कॅफीन नाही. ब्लडप्रेशरची गोळी चालू असेल तर मात्र रोज पिण्याआधी डॉक्टरांना विचारावे. याने प्रेशर थोडे उतरते.

सुगंधी चहा विकतच आणायला हवा असेही नाही. चहाची पाने आजूबाजूचा वास ओढून घेतात. चीनमध्ये मोगऱ्याच्या फुलांत पाने ठेवून चहा सुगंधित करतात, तो याच गुणावर. आम्ही सावलीत वाळवलेल्या देशी गुलाबाच्या पाकळ्या पानांच्या डब्यात आठवडाभर ठेवल्या, सुंदर वास उतरला. पाकळ्या फवारणी न केलेल्या, घरच्या झाडाच्या घ्याव्यात, हारवाल्याकडच्या नकोत. आणि याच कारणाने चहाचा डबा हळद-मसाल्याच्या फळीवर ठेवू नये.

चहा कधी नको?

एवढे चाखताना एक गोष्ट आमच्या भाभीमुळे कळली. त्यांचे हिमोग्लोबिन कमी होते, लोहाच्या गोळ्या चालू होत्या आणि जेवणानंतर लगेच चहाचा कप ठरलेला. चहातले तुरट घटक पालेभाजी, डाळ, बाजरी यांतले लोह बांधून टाकतात, ते अंगी लागत नाही. मसाला चहा असो की ग्रीन टी, हे सगळ्यांनाच लागू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत जेवणाआधी आणि नंतर किमान एक तास चहा-कॉफी टाळायला सांगितले आहे. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वर्षांच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्त कमी आढळले, हे लक्षात घेतले तर हा एक तास किती मोलाचा ते कळते. भाभींचा चहा आता चार वाजता असतो. जेवणावर लिंबू पिळतात. त्यातल्या क जीवनसत्त्वाने लोह उलट चांगले शोषले जाते.

एका कपात साधारण ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफीन असते आणि त्याच मार्गदर्शिकेत दिवसाची मर्यादा ३०० मिलिग्रॅम सांगितली आहे. गरोदर बहिणींनी याहून बरेच कमी ठेवावे आणि आपल्या डॉक्टरांना विचारावे. रमजानच्या पहिल्या रोजांत दुपारी डोके ठणकते, त्यामागे पुष्कळदा अचानक तुटलेला चहाच असतो. शाबानच्या शेवटच्या पंधरवड्यात दर तीन-चार दिवसांनी एक कप कमी करत नेला, तर हा त्रास बराच टळतो. इफ्तारला आधी खजूर, पाणी, जेवण. चहा तरावीहच्या सुमारास. आणि चहा कढत पिऊ नये. ६५ अंशांपेक्षा गरम पेये सतत पिणे अन्ननलिकेच्या कर्करोगाला आमंत्रण ठरू शकते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये नमूद केले आहे.

पूडही पारखून घ्यावी. ओल्या टिपकागदावर किंवा गाळणकागदावर चिमूटभर पूड पसरून थोडा वेळ ठेवावी. लगेच गडद डाग उमटले तर रंग दिलेला असण्याचा संशय घ्यावा. पुडीवरून लोहचुंबक फिरवले तर लोखंडाचा कीस कळतो.

मेहमानांचे काय?

सर्वांत मोठा प्रश्न हाच होता. फिका चहा पुढे केला तर लोक कंजूस म्हणतील, अशी अम्मींना धास्ती. यावर तोडगा निघाला तो ट्रेमध्येच. आता चहा बिनसाखरेचा होतो, वास पुरेपूर, आणि शेजारी साखरेची वाटी व चमचा. “साखर किती घालू?” असे विचारले, की पाहुण्यालाही मोकळे वाटते. निम्मे पाहुणे हळूच सांगतात, “मलाही शुगर आहे, पण कुणाच्या घरी बोलायला अवघडते.” आजवर समोर आलेला गोड कप ते भिडेखातर पीत होते. मेहमाननवाजी म्हणजे समोरच्याला सोसेल ते देणे, हे त्या वाटीने आम्हाला शिकवले.

अब्बा आता दिवसाला ३ कप घेतात, प्रत्येकात अर्धा चमचा. म्हणजे १० चमच्यांवरून दीड चमचा. गोळ्या चालू आहेत, चालणेही चालू आहे. चहा औषध नाही आणि आम्ही तसे म्हणतही नाही. पण अस्रनंतर सगळ्यांसोबत बसून कप हातात धरणे सुटले नाही, याचे समाधान मोठे आहे.

आपल्या घरीही करून पाहा. चार कपांसाठी आमचे माप असे : अडीच कप पाण्यात अर्धा चमचा बडीशेप, दोन ठेचलेल्या वेलच्या आणि गवती चहाची तीन पाती झाकून पाच मिनिटे उकळा. पाती काढा, तीन चमचे पूड घालून दोन मिनिटे, मग दीड कप गरम दूध घालून एक उकळी, आणि गाळा. साखर वाटीत ठेवा. एकदम बंद करू नका. दर दहा दिवसांनी अर्धा चमचा कमी करत जा. जीभ हळूहळू ऐकते.