वालाची मुळे, गिरिपुष्पाचा पाला

हमरापूर, पेण, रोहे या भागात भातकापणीनंतर उरलेल्या ओलीवर वाल होतो. त्याच्या मुळांवरील गाठींत रायझोबियम जिवाणू असतात. ते हवेतला नत्र पिकाला मिळवून देतात. म्हणून शेंगा काढल्यावर वेल उपटू नये, जमिनीलगत कापावा. मुळे मातीतच कुजतात.

बांधावर गिरिपुष्प लावावे. तेही शेंगवर्गीयच, फांदी खोचली तरी जगते. चारसूत्री भातलागवडीत चिखलणीआधी आठवडाभर त्याचा हिरवा पाला गुंठ्याला सुमारे ३० किलो पसरतात. पाने गळली की काड्या सरपणाला नेता येतात. राबात पालापाचोळा जाळला, तर त्यातला बहुतेक नत्र धुराबरोबर जातो. चिखलात कुजवला, तर रोपांना मिळतो आणि युरियाचा खर्चही कमी होतो.