उस्ताद पारखून घ्यावा

आपल्याकडे गॅरेज असो, टेलरिंग असो की जरीकाम, हुनर उस्तादाच्या हाताखालीच शिकला जातो. पण दुकानाचा कारखाना झाला, सहा-सात कामगार आले, मुलगा बी.कॉम. करून गल्ल्यावर बसू लागला की वेगळेच प्रश्न उभे राहतात. विक्री वाढते, पण पैसा हातात दिसत नाही. उधारी थकते. अब्बांना जुनी पद्धत सोडवत नाही, मुलाला ती पटत नाही. नेमकी अशा वेळी मोबाईलवर जाहिरात येते, 'तीन महिन्यांत उलाढाल दुप्पट!' आणि घरात विषय निघतो : बिझनेस कोच घ्यायचा का?

कोच घेण्यात कमीपणा नाही. २००१ मध्ये एरिक श्मिट गुगलचे प्रमुख झाले, तेव्हा संचालक जॉन डोअर यांनी त्यांना कोच घ्यायला सुचवले. इतका अनुभव असताना आपल्याला कोच कशाला, असे श्मिट यांना वाटले होते. पुढे त्यांनीच सांगितले की, आपल्याला मिळालेला तो सर्वांत चांगला सल्ला होता. त्यांचे कोच बिल कॅम्पबेल हे पूर्वी कोलंबिया विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचे प्रशिक्षक होते. नंतर त्यांनी इंट्युइट ही कंपनी स्वतः चालवली होती. माणसे आणि धंदा, दोन्हींची पारख त्यांनी प्रत्यक्ष कामातून मिळवली होती.

मात्र आधी आपली गरज ओळखावी. कर आणि विवरणपत्रांसाठी सी.ए. असतो. यंत्र किंवा उत्पादनातील अडचण त्या कामाचा तज्ज्ञ सोडवतो. कोच मालकाला प्रश्न विचारतो, ठरलेले काम झाले की नाही हे तपासतो आणि निर्णय मालकालाच घ्यायला लावतो. म्हणून कोच शोधण्यापूर्वी घरातल्या सर्वांनी बसून आपली अडचण एका वाक्यात कागदावर लिहावी. 'धंदा वाढत नाही' हे वाक्य चालणार नाही. 'ठोक गिऱ्हाईक पैसे तीन महिन्यांनी देतात आणि मैद्याचे बिल पंधरा दिवसांत द्यावे लागते' हे वाक्य चालेल. या मशवऱ्यात हिशेबाची वही सांभाळणाऱ्या बहिणीला किंवा बेगमला जरूर बसवावे. पैसा कुठे अडतो, हे अनेकदा तिलाच अधिक ठाऊक असते.

आपल्या देशात कोच म्हणून पाटी लावायला सरकारी परवाना लागत नाही. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनसारख्या संस्था प्रशिक्षण आणि अनुभवाचे तास पाहून प्रमाणपत्र देतात. ते असेल तर चांगलेच, पण तेवढ्यावर थांबू नये. आपल्याएवढ्याच धंद्याच्या दोन-तीन जुन्या ग्राहकांचे नंबर मागावेत. त्यांना एवढेच विचारावे : कोच गेल्यानंतर काय टिकले?

पहिल्या भेटीतच बरेच कळते. चांगला कोच आपली वही पाहायला मागतो, कामगारांविषयी विचारतो आणि 'हे माझ्या आवाक्यातले नाही' असेही सांगतो. जो वही न पाहताच नफ्याची हमी देतो, 'आजच पैसे भरा, उद्या फी वाढेल' म्हणतो, त्याला सलाम करून उठावे.

फीचा हिशेब विक्रीवर करू नये, नफ्यावर करावा. समजा, एका बेकरीची महिन्याची विक्री ३ लाख रुपये आणि सर्व खर्च जाऊन उरतात ३० हजार. कोचची फी १५ हजार म्हणजे निम्मा नफा गेला. नफ्याचे प्रमाण तेच राहिले, तर ही फी भरून काढायला दीड लाखाची जादा विक्री लागेल. फीवर १८ टक्के जीएसटी असेल तर बोजा आणखी वाढतो. अशी फी दागिने मोडून किंवा कर्ज काढून भरणे धोक्याचे आहे.

म्हणून वर्षाची रक्कम एकदम देऊ नये. तीन महिन्यांचा लेखी करार करावा. त्यात भेटी किती, कोणते आकडे तपासायचे, मध्येच थांबल्यास पैशांचे काय आणि आपली माहिती बाहेर जाणार नाही, हे स्पष्ट असावे. सुरुवातीलाच थकीत उधारी, शिल्लक माल आणि निव्वळ नफा लिहून ठेवावा. तीन महिन्यांनी तेच आकडे पुन्हा पाहावेत.

ज्यांना एवढा खर्च झेपत नाही, त्यांनी आधी आपल्या जिल्हा उद्योग केंद्रात चौकशी करावी. १९८८ मध्ये स्थापन झालेले महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्रही उद्योजकांसाठी प्रशिक्षण वर्ग घेते. बाजारातला एखादा जुना, सचोटीचा व्यापारी महिन्यातून तासभर द्यायला तयार असेल, तर तोही मोठा आधार आहे.

गॅरेजमधला चांगला उस्ताद शागिर्दाला आयुष्यभर पाना धरून उभा ठेवत नाही, एक दिवस त्याला स्वतःचे गॅरेज टाकायला लावतो. कोचकडूनही हीच अपेक्षा ठेवावी. वर्षभरानंतर त्याला विचारल्याशिवाय एकही निर्णय घेता येत नसेल, तर निवड पुन्हा तपासून पाहावी.